वाचकांचे प्रश्न : ब्रदरची दाढी आणि मनगटावरचा दोरा

प्रश्न : बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून मी नुकताच पुण्यातील एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून रुजू झालो आहे. सध्या माझी ड्यूटी छातीच्या विकारांच्या वॉर्डात असते. आमच्या घरी श्रावणात दाढी करत नाहीत. इन्चार्ज सिस्टरांनी मला दाढी काढण्यास आणि मनगटावरचा दोरा व कडे उतरवण्यास सांगितले. आमच्याकडील काही डॉक्टरांना चांगली भरघोस दाढी आहे, त्यांना मात्र कोणी काही बोलत नाही. हा खरोखरीचा नियम आहे की केवळ ब्रदर लोकांवरचा धाक?
— एक ब्रदर, हडपसर

उत्तर : दोऱ्याचे आधी सांगते, कारण तिथे वादाला फारशी जागा नाही. भिजलेला दोरा दिवसभर ओला राहतो, त्यात मळ साठतो आणि त्याच्याखालची त्वचा हात धुताना नीट धुतली जात नाही. कड्याचे आणि अंगठीचेही तेच. शिवाय अंगठीच्या कडेने हातमोजा फाटतो आणि रुग्णाला कुशीवर वळवताना त्याची नाजूक त्वचा खरचटते, ते वेगळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ सालच्या हातांच्या स्वच्छतेविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णसेवेच्या वेळी अंगठ्या व दागिने घालू नयेत असे सुचवले आहे, तर नखे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवावीत असे सांगितले आहे. इंग्लंडच्या आरोग्य विभागाने २००७ साली याहून पुढे जाऊन, रुग्णाजवळ काम करताना कोपराखाली बाही, घड्याळ, दागिना काहीच नसावे असे धोरण स्वीकारले. देवाचा दोरा असेल तर तो गळ्यात, गणवेशाच्या आत घालता येतो, आणि अनेक जण तसा घालतातही. श्रद्धेला त्याने बाधा येत नाही आणि साबण मनगटापर्यंत पोहोचतो.

दाढीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. दाढी अस्वच्छ असते म्हणून काढा, असे जर आपल्याला कोणी सांगितले असेल तर ते मला पटणारे नाही. रोज धुतलेली, विंचरलेली, आखूड कापलेली दाढी कोणत्याही वॉर्डात नीटनेटकीच दिसते. मात्र आपण छातीच्या विकारांच्या वॉर्डात आहात आणि तिथे क्षयाचे रुग्ण येत असणार. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, म्हणून अशा रुग्णाजवळ जाताना साधा सर्जिकल मास्क पुरत नाही, एन-९५ लागतो. हा मास्क काम करतो तो त्याची कड गालांना, नाकाच्या उतारांना आणि हनुवटीला घट्ट चिकटते म्हणून. त्या कडेखाली केस आले की फट राहते आणि हवा गाळली न जाता त्या फटीतून आत येते. त्यासाठी लांब दाढीच हवी असे नाही, एकदोन दिवसांचे खुंटही पुरतात. आखूड मिशीला अडचण नाही, कारण ती मास्कच्या आत मावते. मास्क प्रत्येक वेळी चढवल्यावर दोन्ही हात त्यावर ठेवून जोराने श्वास सोडावा. गालांजवळ किंवा डोळ्यांजवळ वारा लागला तर मास्क नीट बसलेला नाही.

तेव्हा सिस्टरांचे सांगणे आपल्याच फुप्फुसांसाठी आहे, असे समजावे. हा निकष डॉक्टरांनाही तितकाच लागू आहे आणि तो त्यांना लावला जात नसेल, तर आपली तक्रार रास्त आहे. फक्त ती ‘मलाही सूट द्या’ अशी न मांडता ‘नियम कामावरून ठरवा, पदावरून नको’ अशी मांडावी. रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीकडे याविषयीचे लेखी धोरण मागण्याचा संकोच बाळगू नये. श्रावण पाळायचाच असेल, तर तेवढ्या महिन्यापुरती जिथे एन-९५ लागत नाही अशा वॉर्डात बदली मागता येते (२०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता, तशा वर्षी मात्र ही मागणी दोन महिन्यांची होते आणि मेट्रनचा चेहरा पाहण्यासारखा होतो). ज्यांना धर्मामुळे दाढी काढणे अशक्यच आहे, त्यांच्यासाठी डोके झाकणारे, पंख्याने गाळलेली हवा आत सोडणारे हूड असतात. ते महाग आहेत, म्हणून आपल्याकडे सहसा दिसत नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा जी.एन.एम. (नर्सिंगची पदविका) करून कामाला लागला आहे. तो ढोल-ताशा पथकातही वाजवतो आणि हौसेने भिकबाळी घालतो. नोकरीत याने अडचण येईल का?
— एक पालक, सदाशिव पेठ

उत्तर : भिकबाळीपेक्षा मला त्याच्या हातांची काळजी अधिक वाटते. सरावाच्या दिवसांत वादकांच्या तळव्यांना फोड येतात, बोटे सोलवटतात. अशा उघड्या जखमेतून रुग्णाचे रक्त वा स्राव आत गेल्यास मुलाला संसर्ग होऊ शकतो, आणि जखम पिकलेली असेल तर ती रुग्णालाही बाधते. ड्यूटीवर जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी, वर हातमोजे घालावेत आणि जखम चिघळली असेल तर इन्चार्जना आपणहून सांगावे. भिकबाळी कानाच्या वरच्या पाळीत असते, तिचा रुग्णाला स्पर्श होत नाही. तरी लोंबणारी असेल तर वाताच्या भरातील रुग्ण किंवा लहान मूल ती ओढते, तेव्हा ड्यूटीपुरती काढून ठेवलेली बरी. शस्त्रक्रियागृहात तर ती काढावीच लागेल.

प्रश्न : आम्हाला गणवेशाचे दोनच जोड मिळतात आणि ते खोलीवर बादलीत धुवावे लागतात. तेवढ्याने भागते का? सहकारी गणवेशातच बसने येतात, चहाच्या टपरीवर उभे राहतात. आणि घाम येतो म्हणून ड्यूटीवर अत्तर लावले तर चालते का?
— एक ब्रदर, धनकवडी

उत्तर : गणवेश इतर कपड्यांत न मिसळता वेगळा धुवावा. यंत्र असेल तर साठ अंश सेल्सिअसला दहा मिनिटे धुतलेला कपडा पुरेसा निर्जंतुक होतो; बादलीच असेल तर डिटर्जंट आणि सोसवेल तितके गरम पाणी घ्यावे, पूर्ण वाळवावे आणि कडक इस्त्री करावी. पावसाळ्यात दमट राहिलेला गणवेश अंगावर चढवण्यापेक्षा तिसऱ्या जोडाची मागणी सर्वांनी मिळून करावी. येता-जाता कपडे बदलावेत. टपरीवरच्या गणवेशाने रोग किती पसरतो यापेक्षा, तोच ब्रदर थोड्या वेळाने आपल्या आईच्या सलाइनला हात लावणार आहे हे पाहणाऱ्या नातेवाइकाला काय वाटते, हा विचार मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

अत्तराबद्दल आपण शेवटी विचारले आहे. घाम येतो म्हणून गंधहीन डिओडरंट जरूर वापरावे, पण उग्र वासाचे अत्तर ड्यूटीवर लावू नये. दम्याच्या रुग्णाचा दम त्याने वाढतो आणि केमोथेरपी घेणाऱ्याला मळमळते.