बोर्ड मागनं ठरवा, आधी नववी गाठा

मस्कतहून एका आईचं पत्र आलंय. माहेर कोल्हापुरातल्या राजारामपुरीचं, सासर कागलचं. पत्र चार पानी आणि प्रश्न पाच. त्यातल्या एकालाच मी बहुतेक जागा देणार आहे, तेव्हा बाकीच्या चारांवरून रुसू नका.

त्या लिहितात, "मुलगी ब्रिटिश शाळेत इयर नाइनला आहे, म्हणजे नववीत. तिला डॉक्टर व्हायचंय. आयजीसीएसई, म्हणजे केंब्रिजची दहावी, इथंच पुरी करू, ती झाली की कोल्हापूरला परतू आणि अकरावी-बारावी तिथं करून मेडिकलची 'नीट' परीक्षा देऊ, असं आमचं ठरलंय. फक्त बोर्डाचं कळत नाही. सीबीएसई बरं की स्टेट बोर्ड? शेजारचे म्हणतात, आयबी हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमच करा."

बाई, पहिली गोष्ट म्हणजे ही नववी नव्हे. इंग्लंडच्या पद्धतीत पाच वर्षांचं पोर इयर वनला बसतं, आपल्याकडं सहा वर्षांचं पहिलीला. त्यामुळं तिकडच्या आकड्यातून एक वजा करायचा. इयर नाइन म्हणजे आपली आठवी आणि इयर इलेव्हन म्हणजे दहावी. अमेरिकेतल्यांना ही वजाबाकी नको, त्यांची ग्रेड नाइन ही नववीच. तुमचा हिशेब चुकला हे एका अर्थी बरंच झालं, कारण तुमच्या हातात अजून एक जून शिल्लक आहे.

आणि त्या जूनबद्दलच मला बोलायचंय. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, ८५ टक्के राज्याच्या. राज्याच्या जागांसाठी मुलीला महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र लागतं, आणि शिवाय दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून पास झालेली असावी लागते. काही सरकारी नोकरदारांच्या मुलांना सवलत आहे, तुम्ही त्यात बसत नाही. लक्ष देऊन वाचा: दोन्ही. बोर्ड कुठलं हे तिथं कुणी विचारत नाही, शाळेची इमारत कुठल्या राज्यात उभी आहे ते विचारतात. तुम्ही वर्षभर बोर्डांच्या नावांवर खल केलात, व्हॉट्सॲपवर निम्म्या मस्कतला विचारलंत, पण राज्यातले मेडिकल प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलची माहितीपुस्तिका उघडली नाहीत. ती दरवर्षी निघते आणि हा नियम तिच्यात छापलेला असतो.

मुलीनं दहावी मस्कतला केली, तर नीटला कितीही गुण पडोत, ८५ टक्क्यांचं ते दार बंद. मग उरतो तो १५ टक्क्यांचा कोटा, अभिमत विद्यापीठं आणि एनआरआय जागा. त्यांची फी तुम्हाला मी सांगायला नको. इंजिनिअरिंगला एवढं घट्ट नाही, तिथं आई किंवा वडिलांचं अधिवास प्रमाणपत्र असलं तरी वाट निघते. म्हणून पुण्यातल्या दिराच्या मुलाचं जमलं ते तुमच्या मुलीचं जमेलच असं नाही. तो कॉम्प्युटरला गेला. (अमेरिकेतल्या वाचकांसाठी जाता जाता: मुलाचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) ४ मार्च २०२१ नंतरचं असेल, तर मेडिकलला त्याला एनआरआय जागाच मिळू शकते. कार्ड त्याआधीचं असेल तर सुप्रीम कोर्टानं त्याचे जुने हक्क राखलेत.)

"मग थेट दहावीलाच आणू," असं आता तुमच्या मनात येईल. नका. सीबीएसई नववी-दहावी हा दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम धरते. मधे दहावीला प्रवेश म्हणजे बदलीसारखं कारण, त्याचे कागद आणि बोर्डाची परवानगी. आणि अकरावीचं वेळापत्रकही बघा. केंब्रिजच्या मे-जूनच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टच्या मध्याला लागतो. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत आणि आपल्या दहावीचा निकाल मे महिन्यात लागला की ते सुरू होतात. तुमचा कागद हातात येईपर्यंत इथं पोरं पहिल्या चाचणीला बसलेली असतात.

तेव्हा यंदाच्या जूनला, नववीत. त्यासाठी शाळेला आत्ता जानेवारीत लिहा. नववीला नवी तुकडी निघत नाही, कुणी दाखला काढून गेलं तरच जागा होते.

आता बोर्ड. स्टेट बोर्डाच्या इंग्रजी माध्यमातही दहावीला तीन भाषा आहेत. ६०० पैकी ३०० गुण भाषांचे, आणि बहुतेकांच्या वाट्याला मराठी-हिंदी म्हणजे दोन पेपर देवनागरीत. टक्केवारी चांगल्या पाच विषयांची धरतात, पण पास सगळ्यांतच व्हावं लागतं. सीबीएसईला दोन भाषांवर भागतं. तरी तिथं गेलं म्हणून मराठी सुटली असं समजू नका, २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी आली आहे. तुम्ही लिहिता, "घरी आम्ही मराठीच बोलतो." बोलणं वेगळं आणि तीन तास लिहिणं वेगळं. आज संध्याकाळी वर्तमानपत्रातल्या दहा ओळी तिला सांगा आणि घड्याळ लावा. पंधरा मिनिटांत वाचता येईल असं उतरलं, तर स्टेट बोर्ड घ्या. पुढं कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेज त्याच बोर्डाचं असणार, पुस्तकं आणि पेपरची धाटणी तीच राहील. नाही उतरलं तर सीबीएसई. फक्त सीबीएसईचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, स्टेट बोर्डाचं जूनच्या मध्याला. मस्कतची शाळा जूनअखेरपर्यंत पुरी केलीत, तर सीबीएसईला नववीचा पहिला भाग होऊन गेलेला असेल.

आमच्या घरातली चार भाचरं तीन देशांतून परत आली. चौघांचं अडलं ते मराठीत नव्हे, भूमितीत. समद्विभुज त्रिकोणाचे पायालगतचे कोन समान असतात हे सिद्ध करा, असं सांगितलं की तिकडची मुलं एका ओळीत मोकळी होतात: दोन बाजू सारख्या, म्हणून कोन सारखे. तिथं कोनाचं माप काढून शेजारी कारण लिहिलं की गुण मिळतात. इथं आधी आकृती काढायची, मग पक्ष, साध्य, रचना. शिरोबिंदूपासून कोनदुभाजक काढायचा, दोन त्रिकोण समोरासमोर मांडायचे, दोन बाजू पक्षात दिलेल्या, मधला कोन रचनेनं समान, दुभाजकाची बाजू सामाईक, म्हणून बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीनं एकरूप आणि शेवटी संगत कोन. इंग्रजी माध्यमात या शेवटच्या ओळीसमोर सी.ए.सी.टी. लिहितात. मुलीला गणित येत असतं, पण पायऱ्या नाहीत म्हणून गुण जातात आणि तिला वाटतं आपण ढ झालो. आठवीच्या पुस्तकातली एकरूपता मे महिन्यात हातानं लिहून घ्या, रोज दोन प्रमेयं.

दुसरं, कॅल्क्युलेटर काढून घ्या. केंब्रिजनं २०२५ पासून गणिताचा एक पेपर बिनकॅल्क्युलेटरचा केला, तरी हाताची सवय मोडलेलीच असते. इथं बोर्डाला नाही आणि नीटलाही नाही. ०.३५ गुणिले ७.२ हे तिनं कागदावर करून २.५२ आणलं पाहिजे, दशांशचिन्ह न चुकवता. आत्तापासून जूनपर्यंत रोज वीस मिनिटं पुरेत.

कागदांचं थोडक्यात, पण हयगय नको. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शाळेची, मग तिथल्या शिक्षण खात्याची, मग भारतीय वकिलातीची मोहोर. दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं. आणि नाव! पासपोर्टवर नाव आधी आणि आडनाव शेवटी, आपल्या बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी, मग मुलीचं, मग वडिलांचं. प्रवेश अर्जात जे लिहाल ते शाळेच्या जनरल रजिस्टरला जातं आणि तिथून प्रत्येक दाखल्यावर. जन्मगाव, जात, स्पेलिंग सगळं जन्मदाखल्याशी ताडून मगच सही करा. धाकट्या जावेनं एका अक्षरापायी वर्षभर खेटे घातलेत. अधिवासाला १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. तुमचा जन्म, शाळा, कागलचा सातबारा, जे असेल ते काढून मुलीच्या निमित्तानं सेतू केंद्रात आत्ताच चौकशी करा, बारावीच्या वर्षी नको.

समजा हे सगळं ऐकूनही तिकडंच राहिलात, तर दोन गोष्टी तपासा. गणित एक्स्टेंडेड, म्हणजे वरच्या पातळीचं, आहे ना? कोअरला, म्हणजे खालच्या पातळीला, कितीही छान सोडवलं तरी सीच्या वर श्रेणी नाही. आणि विज्ञान तीन वेगळे विषय, बायॉलॉजी ०६१०, केमिस्ट्री ०६२०, फिजिक्स ०६२५. कंबाइन्ड सायन्सवर समाधान मानू नका.

शेजाऱ्यांच्या आयबीचं म्हणाल, तर सहा विषय, ४००० शब्दांचा निबंध, ४५ गुणांचा पल्ला. शिक्षण उत्तम आहे आणि परदेशी विद्यापीठात जाणाऱ्यानं जरूर करावं. नीटला बसणारीनं करणं म्हणजे बिंदू चौकातून रंकाळ्याला जायला गारगोटीवरून वळसा.

उरलेले प्रश्न. मिस्टर तीन वर्षं मस्कतलाच राहणार, हे अवघड आहे खरं, पण निम्म्या आखाताचे संसार असेच चाललेत, तुमचाही चालेल. सासूबाईंना मुलगी होस्टेलला नको वाटते, तर ठेवू नका. आमच्याकडं बोर्डिंग म्हटलं की दसरा चौकातली वसतिगृहं आठवतात, पण मुलीची आजी कागलात असताना बोर्डिंग कशाला? नागाळा पार्कातला फ्लॅट घ्यायचा की भाड्यानं राहायचं, ते शाळेची जागा पक्की झाल्यावर बघा.

आणि धाकटा. "तिसरीत आहे, पण पाढे येत नाहीत," लिहिलंय. तो इयर थ्रीला ना? म्हणजे आपल्या दुसरीत. पाढे येतील. त्याच्या नववीला अजून सहा-सात वर्षं आहेत.