नक्षी शाबूत, पण टायरला भेगा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : माझी छोटी पेट्रोल गाडी २०१८ च्या अखेरीस घेतलेली आहे. निवृत्तीनंतर वापर कमी, आतापर्यंत जेमतेम १९,००० किमी झाले. टायर मूळचेच आहेत. नक्षी भरपूर आहे, पण साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) बारीक भेगांचे जाळे दिसते. सर्व्हिस सेंटर म्हणते चारही बदला. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला म्हणतो, ‘काका, अजून वीस हजार आरामात जातील.’ कोणाचे ऐकू? (एक वाचक, सातारा)

उत्तर : या वेळी सर्व्हिस सेंटरचे. नुसत्या भेगा असत्या तर थांबा म्हटले असते, नुसते वय असते तर तपासून ठरवा म्हटले असते. तुमच्याकडे दोन्ही आहे.

कमी चाललेला टायर म्हणजे चांगला टायर, ही समजूत इथेच फसते. टायरच्या रबरात कारखान्यातच मेण आणि ओझोनपासून बचाव करणारे रसायन मिसळलेले असते. गाडी धावते तेव्हा चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला साइडवॉल दबते आणि सुटते. त्या हालचालीने हे मेण आतून पृष्ठभागावर येत राहते आणि त्याचा पातळ थर टिकतो. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की थर नव्याने चढत नाही. मग हवेतला ओझोन ताणाखाली असलेल्या रबराचे रेणू तोडायला लागतो. त्यात ऊन आणि उष्णता. उघड्यावर रोज एकाच जागी उभ्या राहणाऱ्या गाडीत उन्हाकडच्या बाजूच्या दोन टायरांना भेगा जास्त आणि सावलीकडच्या दोघांना कमी, असे स्पष्ट दिसते. तुमच्या गाडीत बघा, बहुतेक तसेच असेल.

आता भेग कुठे आहे आणि किती खोल आहे, हे पाहायचे. टायर साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करा. ओल्या किंवा पॉलिश मारलेल्या टायरवर बारीक भेग दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च आडवा धरा, म्हणजे भेगेची सावली पडते. दोन्ही अंगठ्यांनी रबर दाबून भेग उघडते का पहा. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग एका टोकापर्यंत फिरवा, म्हणजे मागची, आतली बाजूही नजरेत येते. मागच्या चाकांची आतली बाजू लिफ्टवरच नीट दिसते. अलाइनमेंटला गाडी वर चढवली की मेकॅनिकला आठवण करा, नाहीतर ती बाजू कोणी पाहत नाही.

केसासारख्या बारीक, नखाला न लागणाऱ्या आणि फक्त वरच्या कातडीत असलेल्या भेगा म्हणजे वयाची खूण. टायर पाच वर्षांच्या आतला असेल तर दर सहा महिन्यांनी पाहत राहिले तरी चालते. नख अडकते, किंवा दाबल्यावर भेग उघडून साधारण १ मिमीपेक्षा खोल दिसते, अशी भेग असली तर आम्ही तो टायर हायवेला नेऊ देणार नाही. आत धागा दिसला तर गाडी तिथेच उभी करून स्टेपनी लावा. रेडियल टायरच्या साइडवॉलमध्ये बहुधा पॉलिएस्टरच्या धाग्याचा एखाददुसराच थर असतो आणि आतल्या हवेचा दाब तोच पेलतो. रिमच्या कडेला समांतर, गोल फिरत गेलेली सलग भेग ही त्रिज्येच्या दिशेच्या तुटक भेगांपेक्षा वाईट. कमी हवेवर बरेच दिवस चालवलेल्या टायरला अशी भेग पडते.

नक्षीच्या चरांच्या तळाशी पडणारी भेग बहुतेक जण पाहतच नाहीत. तिच्यातून पावसाचे पाणी खाली पोलादी तारांच्या पट्ट्यापर्यंत पोहोचते, तारा गंजतात आणि रबर पट्ट्यापासून सुटू लागते. मग एक दिवस बॅलन्सिंग करूनही स्टिअरिंगची थरथर जात नाही. टायर हाताने फिरवून पाहिला तर एका जागी नक्षी किंचित उंच लागते. हा टायर कधीही पापुद्रा सोडेल, आणि तो सोडतो वेगात, भर उन्हात, गाडी भरलेली असताना. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किमीची मुभा आहे, वर सलग काँक्रीट. गावात तीन वर्षे निभावलेला टायर तिथे तासाभरात उघडा पडू शकतो.

वयाचा हिशेब सांगायचा तर पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी, आपल्याकडच्या उन्हात सहा-सात वर्षांना बदल, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शाबूत असो, टायर काढायचाच. दहा वर्षांची मर्यादा मोठ्या टायर कंपन्याही सांगतात. आपला कायदा मोटारीसाठी नक्षी किमान १.६ मिमी हवी असे म्हणतो. तेवढी खोली दाखवणाऱ्या छोट्या पट्ट्या चरांत असतातच. पण जुना रबर कडक होतो. नव्या टायरचे रबर ड्युरोमीटरवर (रबराचा कडकपणा मोजायच्या उपकरणावर) साधारण ६० ते ७० शोर-ए भरते. वयाने हा आकडा चढत जातो आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. सातारकरांना पावसात कास किंवा ठोसेघरच्या चढ-उतारांवर याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पंक्चरवाल्याच्या बाजूने एक गोष्ट : गावातल्या गावात ताशी ४० किमीने, हवा बरोबर ठेवून गाडी चालवली तर हे टायर कदाचित आणखी वर्ष काढतीलही. पण गाडी एखाद्या लग्नाला पुण्याला जाणारच.

प्रश्न : टायरवर उत्पादनाची तारीख कुठे असते? दुकानदाराने दिलेला ‘नवा’ टायर चौदा महिन्यांपूर्वीचा निघाला. परत करू का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : साइडवॉलवर ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी, बहुधा लंबगोल चौकटीत, चार आकडे असतात : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३४१८ म्हणजे २०१८ चा चौतिसावा आठवडा, अर्थात ऑगस्ट २०१८. पहिले दोन आकडे ५३ पेक्षा मोठे असतील तर तुम्ही दुसराच कुठला नंबर वाचताय. पूर्ण ओळ बहुतेक टायरांवर एकाच बाजूला असते. बाहेरून दिसली नाही तर ती आतल्या बाजूला गेलेली आहे. दुकानात टायर रिमवर चढवण्याआधीच वाचून घ्या.

चौदा महिने, अंधाऱ्या, कोरड्या गोदामात ठेवलेला असेल तर परत करण्यासारखे काही नाही. दुकानाच्या दारात उन्हात रचलेल्या थप्पीतला असेल तर घेऊ नका, मग तो सहा महिन्यांचा का असेना. दोन वर्षांच्या पुढे गेलेल्या टायरला भाव पाडून मागा किंवा सरळ सोडा. आयएसआयचे चिन्ह पहा, आणि बिलावर टायरचे नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी तेच लागते.

प्रश्न : बजेट दोनच टायरांचे आहे. नवे पुढे लावू की मागे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मागे. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी मागे. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि ते स्टिअरिंगवर कळते. पाय सैल केला तर सावरता येते. मागचे घसरले तर गाडी गिरकी घेते आणि सावरायला वेळ मिळत नाही. मात्र हा सल्ला उरलेले दोन फक्त झिजलेले असतील तरच. भेगा पडलेले असतील तर पुढे-मागे करून काही साधत नाही, दोन महिने थांबा पण चारही बदला.

माप तेच घ्या. १६५/८० आर१४ ८५टी असे लिहिले असेल तर ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो आणि ‘टी’ म्हणजे ताशी १९० किमी. यापेक्षा कमी आकडा किंवा अक्षर चालणार नाही. टायरबरोबर रबरी वॉल्व्हही नवे टाकायला सांगा. किरकोळ खर्च आहे, आणि जुन्या वॉल्व्हच्या बुडाशी तशीच भेग पडलेली असते. पहिले २००-३०० किमी जोराचा ब्रेक आणि वळणावरचा वेग टाळा. चाकांचे नट ५० ते १०० किमीनंतर पुन्हा आवळून घ्या.

प्रश्न : खड्ड्यात आदळल्यावर टायरला बाजूने फुगा आला. शेजारच्या टायरवर आत गेलेली रेघही दिसते. दोन्ही बदलावे लागतील? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : फुगा म्हणजे आतले धागे तुटले आणि हवा फक्त रबराने धरून ठेवली आहे. दुरुस्ती नाही, आजच बदला. आत गेलेली सरळ, उभी रेघ मात्र बहुतेकदा धाग्यांच्या थराच्या जोडाची असते. तिथे थर दुहेरी असल्याने टायर कमी फुगतो, इतकेच. हात फिरवून पहा : खोलगट लागली तर काळजी नाही, उंचवटा लागला तर तोही गेला.

प्रश्न : वॉशिंगवाला टायरला काळे पॉलिश मारून चकचकीत करून देतो. त्याने भेगा थांबतात का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : थांबत नाहीत, झाकल्या जातात. पेट्रोलियमवर आधारित चिकट पॉलिश तर रबरातले मेण धुऊन काढते. चॅसिसवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर) डिझेल फवारायची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. ते टायरवर उडाले तर रबर फुगते आणि मऊ पडते. तेवढे नको म्हणून सांगा. पॉलिश हवेच असेल तर पाण्यावर आधारित घ्या. टायरवर येणारी तपकिरी झाक घाण समजून तारेच्या ब्रशने घासू नका. बाहेर आलेले संरक्षक रसायनच ते. भेगा बुजवायचे सोल्यूशन मिळते, ते घेऊ नका. आणि काढलेला जुना टायर दुकानात सोडताना साइडवॉलला ब्लेडने एक लांब चीर द्या, नाहीतर तोच पॉलिश मारून दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीला जाईल.

प्रश्न : आम्ही मुलीकडे सहा महिने अमेरिकेला जात आहोत. गाडी सोसायटीत उभी राहील. टायरांचे काय करावे? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : पंधरा दिवसांतून एकदा कोणी १५-२० किमी फिरवून आणणार असेल तर बाकी काही करायची गरज नाही, बॅटरीही टिकेल. तसे कोणी नसेल तर ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेल्या दाबापेक्षा ३-४ पीएसआय जास्त हवा भरा (साइडवॉलवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत), गाडी सावलीत लावा आणि महिन्यातून एकदा वॉचमनला थोडी पुढे-मागे ढकलायला सांगा, म्हणजे टायरचा एकच भाग चपटा होणार नाही. परत आल्यावर हवा थंड टायरवर मोजून मूळ आकड्यावर आणा. पहिल्या काही किलोमीटरला जाणवणारी धडधड टायर गरम झाल्यावर जायला हवी. पन्नासेक किमीनंतरही राहिली तर टायर दाखवा.

आणि स्टेपनीची तारीख वाचून घ्या. ती कधी वापरली नसली तरी गाडीच्याच वयाची आहे, आणि डिकीतल्या उकाड्यात राहिली आहे.