दुसरीतील मूल जोडाक्षरांपाशी का अडते?

आपली मुलगी साधे शब्द सहज वाचते, पण जोडाक्षर आले की थांबते, असे आपण लिहिले आहे. या टप्प्यावर पाठांतरापेक्षा कानाला वळण लावणे अधिक उपयोगी पडते. ‘पुस्तक’ हा शब्द ‘पुस्‌-तक’ असा तोडून सावकाश म्हणायला लावावा, म्हणजे आधी स्वरहीन ‘स्’ आणि लगेच ‘त’ येतो हे तिला ऐकूनच कळेल. त्यानंतर लिहिताना दाखवावे, की उभा दंड असलेल्या स, त, म यांसारख्या अक्षरांचा दंड जातो, तर ट, ड, द यांना दंड नसल्यामुळे ‘लट्टू’ किंवा ‘अड्डा’ यांत पाय मोडावा लागतो.

खरी अडचण ‘र’ची असते, कारण सूर्य, चक्र, राष्ट्र आणि दऱ्या या शब्दांत त्याची चार निरनिराळी रूपे दिसतात, ती एकाच दिवशी शिकवू नयेत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत मोठी माणसेही चुकतात, तेव्हा मुलीवर रागावण्याचे कारण नाही. रोज पाच-सहा परिचित शब्द, आधी उच्चारून आणि मग लिहून घेतले, तरी पुरे.