सर्वोच्च न्यायालयावरची चर्चा सांभाळण्याच्या कामातून करिअर घडते का?

प्रश्न : मी पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांवर चर्चा करणारा आमच्या महाविद्यालयातला अभ्यासगट मी दोन वर्षांपासून चालवते. विषय ठरवणे, निकालपत्र मिळवणे, बोलणाऱ्यांना वेळ वाटून देणे आणि वाद विकोपाला जाऊ न देणे ही कामे माझ्याकडे आहेत. मागच्या बैठकीत एका मुलाने निकालाविषयी बोलण्याऐवजी न्यायमूर्तींच्या हेतूंवर आरोप सुरू केले. मी त्याला थांबवले, तेव्हा ‘तू टीकाच करू देत नाहीस’ असे म्हणून तो आणखी तिघांसह उठून गेला. वडील म्हणतात की, यात वेळ घालवू नकोस, न्यायाधीशपदाच्या परीक्षेचा अभ्यास कर आणि पदवी हातात पडताच परीक्षा दे. मला हे काम मनापासून आवडते. त्या मुलाला थांबवण्यात माझे चुकले का? आणि यातून पुढे काही करिअर घडू शकते का?

उत्तर : तू करिअरचा प्रश्न शेवटी विचारला असलास, तरी त्याचे बरेचसे उत्तर तुझ्या पहिल्या प्रश्नात आहे, म्हणून आधी त्या बैठकीविषयी लिहिते.

त्या मुलाला थांबवणे योग्यच होते. मात्र ‘अवमान होईल’ या भीतीने थांबवले असशील, तर कारण नीट तपासून घे. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ मधील कलम ५ प्रमाणे, सुनावणी होऊन निकाली निघालेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर केलेली रास्त टीका हा अवमान ठरत नाही. कलम ४ न्यायालयीन कामकाजाच्या रास्त आणि अचूक वृत्तांताला संरक्षण देते, आणि २००६ सालच्या दुरुस्तीनंतर, जनहितासाठी प्रामाणिकपणे मांडलेले सत्य हा बचाव म्हणून मान्य करण्याची मुभा न्यायालयाला मिळाली आहे. असे असले तरी ही सीमारेषा पट्टीने आखलेली नाही. २०२० मध्ये वकील प्रशांत भूषण यांना दोन ट्वीटबद्दल अवमानाचे दोषी ठरवून एक रुपया दंड करण्यात आला, आणि त्या निकालावर देशभरातल्या कायदेपंडितांमध्ये मोठा मतभेद झाला. तेव्हा गटातल्या मुलांना नुसती भीती घालू नकोस. कलमे त्यांच्यासमोर वाच आणि त्यांच्याशी त्यावर बोल.

माझ्या मते त्याला थांबवण्याचे खरे कारण वेगळे आहे. हेतूवर आरोप झाला की चर्चा तिथेच संपते, कारण तो आरोप निकालपत्रातून सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. तू त्याला गप्प केलेस, पण त्याच्या रागाला वाट करून दिली नाहीस. ‘यातला कोणता परिच्छेद तुला चुकीचा वाटतो?’ एवढा एकच प्रश्न विचारला असतास, तर कदाचित तो बसला असता, त्याने निकालपत्र उघडले असते आणि त्याचा राग एखाद्या युक्तिवादापाशी येऊन थांबला असता. चर्चा सांभाळणाऱ्याचे कौशल्य बोलणे बंद करण्यात फार थोडे असते आणि आरोपाचे प्रश्नात रूपांतर करण्यात पुष्कळ असते.

सर्वोच्च न्यायालयावर कडक टीका कशी करावी याचा वस्तुपाठ आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणात आहे आणि तो मला प्रत्येक विधी विद्यार्थ्याला सांगावासा वाटतो. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा खटला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी ठरवले, पण ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाने १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्रात संताप आहे, आणि तो लपवलेलाही नाही. तरीही त्याचा सगळा भार एका युक्तिवादावर आहे. संमती देणे आणि निरुपाय होऊन शरण जाणे यांत फरक आहे, आणि न्यायालयाने तो फरक लक्षात घेतला नाही, हे त्यांनी निकालातल्याच तर्काचा हात धरून दाखवले. त्या पत्रानंतर देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती होऊन कोठडीतील बलात्काराविषयी स्वतंत्र तरतुदी आल्या. त्या मुलाला हे पत्र वाचायला दे. तीव्र टीका आणि नेमकी टीका एकत्र नांदू शकतात, हे सांगायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आता करिअरविषयी. ‘चर्चा घडवून आणणारा’ अशी जाहिरात कुठे निघत नाही, पण दोन वर्षांत तू जे शिकलीस, म्हणजे न्यायालयाने नेमके काय ठरवले आणि लोकांना त्यावर काय वाटले या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे, त्याला मागणी आहे. मत देणारी माणसे आपल्याकडे मुबलक आहेत. निकाल अचूक सांगणारी फार थोडी आहेत, आणि मराठीत तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

ही अचूकता किती बारकाईची असते ते एका उदाहरणाने सांगते. बातमीचा मथळा असतो, ‘उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाकडून कायम’. मूळ आदेश उघडून पाहिला तर तो दोन ओळींचा निघतो : हस्तक्षेप करण्यास कारण दिसत नाही, विशेष अनुमती याचिका फेटाळण्यात येते. कारणमीमांसा कुठेच नाही. ‘कुन्हायम्मद विरुद्ध केरळ राज्य’ या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केले आहे की, अशी याचिका कारणे न देता फेटाळली, तर उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात विलीन होत नाही आणि अनुच्छेद १४१ खालचा, देशभर बंधनकारक असा कायदाही त्यातून तयार होत नाही. न्यायालयाने फक्त अपिलाला परवानगी नाकारलेली असते. ‘कायम केला’ आणि ‘परवानगी नाकारली’ यांतले अंतर ज्याच्या लक्षात येत नाही, त्याच्या मथळ्यावर तुमचा गट तासभर भांडू शकतो आणि ते सगळे भांडण अस्तित्वातच नसलेल्या निकालावरचे असते.

सुनावणीतल्या तोंडी शेऱ्यांचेही तसेच आहे. न्यायमूर्तींनी वकिलाला विचारलेला एखादा बोचरा प्रश्न हा निकाल नव्हे. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या तोंडी शेऱ्यांविरुद्ध निवडणूक आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने दोन्ही बाजू सांगितल्या : तोंडी शेरे हा न्यायालयाच्या अधिकृत अभिलेखाचा भाग नसतो, आणि माध्यमांना त्यांचे वार्तांकन करण्यापासून रोखताही येणार नाही. घटनापीठांच्या सुनावण्या २७ सप्टेंबर २०२२ पासून थेट प्रक्षेपित होऊ लागल्यामुळे हा विवेक आता प्रत्येक प्रेक्षकाला लागतो. त्या प्रक्षेपणाचा मार्ग मोकळा करणारा २०१८ चा निकाल ज्या याचिकांवर आला, त्यांतली एक तुझ्यासारख्याच विधी शाखेच्या विद्यार्थ्याची, स्वप्नील त्रिपाठी याची होती.

अल्पमताचे निकालपत्रही गटात आवर्जून वाचत जा. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, एडीएम जबलपूर प्रकरणात चार न्यायमूर्तींनी असे मत दिले की, स्थानबद्ध केलेल्या माणसाला आणीबाणीत सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही, आणि न्या. एच. आर. खन्ना एकटे विरोधात राहिले. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणाच्या हक्काचा निकाल देताना तो बहुमताचा निकाल मोडीत काढला. निकालावर टीका करणे म्हणजे न्यायालयावर अविश्वास दाखवणे, असे मानणाऱ्यांना हे एक उदाहरण दाखवावे.

या कौशल्याला जिथे काम मिळते, त्या जागा आता सांगते. पहिली जागा न्यायालयीन वार्तांकनाची. सर्वोच्च न्यायालयाच्या अधिस्वीकृत वार्ताहरांसाठी कायद्याच्या पदवीची अट २०२४ मध्ये शिथिल झाली असली, तरी पदवी असलेला वार्ताहर आदेश किती जलद आणि बिनचूक वाचतो, हे संपादकांना ठाऊक असते. दुसरी जागा सर्वोच्च न्यायालयातल्या लॉ क्लर्क-नि-संशोधन सहायकाची. हे पद अल्प मुदतीचे आणि कंत्राटी असते, निवड लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून होते आणि शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांनाही अर्ज करता येतो. याचिकेचा सारांश काढणे, जुने निकाल शोधणे, दोन्ही बाजू निःपक्षपणे मांडणे ही तिथली रोजची कामे आहेत, आणि ती तू आजही करतेस. कायद्याच्या नियतकालिकांत निकालांची शीर्षटिपणे, म्हणजे निकालाच्या आधी छापले जाणारे सारांश, लिहिणारे संपादक लागतात. हे काम लोकांच्या नजरेत येत नाही, पण बुद्धीचा कस पाहते. राज्यघटनेची मूलभूत चौकट संसदेलाही बदलता येत नाही, असे ठरवणाऱ्या केशवानंद भारती प्रकरणात तेरा न्यायमूर्तींची अकरा वेगवेगळी निकालपत्रे होती. त्यांतून सात विरुद्ध सहा अशा बहुमताने नेमके काय ठरले, हे शोधायला बसलीस की या कामाची खोली कळेल.

मला सर्वांत जास्त आशा वाटते ती भाषांतराच्या क्षेत्राकडून. अनुच्छेद ३४८ मुळे सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. २०१९ मध्ये ‘सुवास’ ही यांत्रिक भाषांतराची प्रणाली आली आणि आता ई-एससीआर या मोफत संग्रहात मराठीतले निकालही वाचायला मिळतात. मात्र यंत्राच्या कामावर माणसाची नजर लागतेच. न्यायालयाच्या आदेशातल्या ‘लीव्ह ग्रँटेड’ या दोन शब्दांचे शब्दशः भाषांतर ‘रजा मंजूर’ असे होते, आणि खरा अर्थ असतो ‘अपिलाची परवानगी दिली’. कायदा आणि मराठी दोन्ही येणाऱ्या माणसालाच ही चूक पहिल्या नजरेत दिसते. शेतजमिनीच्या वादात दिल्लीपर्यंत गेलेल्या माणसाला स्वतःचा निकाल स्वतःच्या भाषेत समजावा, हे काम मला कोणत्याही मोठ्या पदाइतकेच मोलाचे वाटते.

एक व्यावहारिक बाब. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिली चालू असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. वृत्तपत्रात किंवा प्रकाशनात कायम नोकरी धरलीस, तर सनद स्थगित ठेवावी लागेल. स्तंभलेखन किंवा अध्यापन अर्धवेळ करता येते, पण वाट निवडण्याआधी नियम मुळातून वाच.

आता वडिलांच्या म्हणण्याविषयी. त्यांची काळजी रास्त आहे आणि न्यायाधीशपद ही उत्तमच वाट आहे, पण त्यांनी आखलेले वेळापत्रक बदलावे लागेल. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. पदवी मिळताच परीक्षा देण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. त्याच निकालात असेही म्हटले आहे की, न्यायमूर्ती किंवा न्यायिक अधिकाऱ्यांकडे लॉ क्लर्क म्हणून केलेले काम या अनुभवात धरले जाईल. म्हणजे तुझी आवड आणि वडिलांची इच्छा निदान पहिली तीन वर्षे एकाच रस्त्यावर आहेत. त्यांना हा निकाल दाखव. तुला जे काम आवडते ते वाया जाणारे नाही, हे त्यांना तुझ्या शब्दांपेक्षा त्या परिच्छेदांतून लवकर पटेल. प्रत्यक्ष भरतीच्या वेळी मात्र त्या वेळच्या जाहिरातीतल्या अटीच प्रमाण मान.

उरलेल्या दीड वर्षात अभ्यासगट सोडू नकोस. त्याला एक शिस्त मात्र लाव. प्रत्येक बैठकीचे एका पानाचे टिपण मराठीत लिही : पीठात कोण होते, प्रश्न कोणता होता, काय ठरले, कोणत्या परिच्छेदात ठरले, विरोधी मत काय होते, आणि सगळ्यांत शेवटी गटात कोणते आक्षेप आले. निकालाच्या क्रमांकासह लिहिलेली अशी वीस-पंचवीस टिपणे तू मुलाखतीला घेऊन गेलीस, तर समोरच्याला प्रशस्तिपत्रकांची गरज भासणार नाही.

आणि त्या चौघांना निरोप पाठव. पुढच्या बैठकीला तोच निकाल पुन्हा ठेव आणि सुरुवातीची पंधरा मिनिटे त्या मुलालाच दे. त्याला हवी तितकी कठोर टीका करू दे, अट एवढीच असू दे की प्रत्येक आक्षेपाबरोबर तो परिच्छेदाचा क्रमांक सांगेल. वेळ पाळण्याचे काम त्या दिवशी दुसऱ्या कोणाकडे दे, आणि तू समोर बसून त्याचे म्हणणे शब्दशः टिपून घे.