शेती सुरू झाली म्हणून लगेच शहरं उभी राहिली का?

लगेच तर मुळीच नाही. पश्चिम आशियात गहू-जवाची शेती इ.स.पू. ९०००च्या सुमारास रुजली होती. दक्षिण इराकमधलं उरुक शहर म्हणून नावारूपाला आलं ते इ.स.पू. ३५००च्या आसपास. मधल्या काळात तुर्कस्तानातल्या चाताल्होयुकसारखी हजारो लोकांची वस्ती होती, पण तिथे ना राजवाडा सापडला, ना सरकारी कोठार. लोक छपरातून शिडीने घरात उतरत.

नुसतं धान्य पिकून भागत नाही. ते गोळा करणारी, साठवणारी आणि वाटणारी यंत्रणा लागते. माझ्या मते खरी मेख इथेच आहे, आणि उरुकमध्ये तिचा पुरावा हाताला लागतो. तिथे तिरक्या काठाचे ओबडधोबड मातीचे वाडगे ढिगांनी मिळाले. साच्यात दाबून झटपट बनवलेले, नक्षी नाही, झिलई नाही. कामकऱ्यांना शिधा मापून द्यायला ते वापरत, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. तिथल्याच मातीच्या पाट्यांवर माणसाचं डोकं आणि शेजारी वाडगा असं चिन्ह येतं. अर्थ खाणं, शिधा. म्हणजे सुरुवातीचं लेखन कविता किंवा प्रार्थनेसाठी नव्हतं, बहुतेक पाट्या धान्य, जनावरं आणि बिअर यांच्या हिशोबाच्या आहेत. मला हे फार विलक्षण वाटतं.

मात्र यंत्रणा म्हणजे राजा आलाच, असं गृहीत धरू नका. मोहेंजोदडोत आखीव रस्ते, विटांची गटारं, प्रमाणित वजनं सगळं आहे, पण निर्विवाद राजवाडा किंवा राजाची कबर आजवर सापडलेली नाही.