संगणक-सल्ला : मागे जाणारी तारीख आणि वर सरकणारे बिल

प्रश्न : शाहू मार्केट यार्डात आमचे गुळाचे अडत दुकान आहे. हिशेबाचा जुना प्रोग्रॅम विंडोज एक्सपीवरच चालतो, म्हणून तो संगणक अजून वापरात आहे. काही आठवड्यांपासून रोज सकाळी संगणक सुरू केला की तारीख २००२ सालातली दिसते. ती दुरुस्त केल्यावर दुपारी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तर मात्र ती बरोबर राहते. दुरुस्तीवाल्याने ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे सांगितले आहे. शिवाय पट्टीवर (शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदावर) दिवसाच्या आधी महिना छापला जातो. काय करावे? (एक अडत व्यापारी, कोल्हापूर)

उत्तर : कृपया फॉरमॅट मारू (म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकू) देऊ नका. दुपारी तारीख टिकते आणि सकाळी मात्र जाते, ही आपली नोंद फार मोलाची आहे, कारण दोष कुठे आहे ते तिच्यावरूनच कळते. एक्सपी सुरू होताना तारीख आणि वेळ मदरबोर्डवरील (संगणकाच्या आतील मुख्य पाटीवरील) घड्याळाकडून घेते. संगणक नुसता बंद केला, पण भिंतीवरचे बटण चालू राहिले, तर पॉवर सप्लायमधून मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ चालते. रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडला की त्या घड्याळाला केवळ बोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा आधार उरतो. तो सेल संपलेला आहे. फॉरमॅटने सेल भरत नाही. उलट अनेक वर्षांचे हिशेब धोक्यात येतात, आणि ज्या जुन्या प्रोग्रॅमची मूळ सीडी हाताशी नसेल तो पुन्हा टाकताच येत नाही.

बहुतेक बोर्डांवर सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल असतो. त्याचा व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर असते. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बदलण्यापूर्वी वीजजोडणीची केबल पूर्ण काढावी, अंगातील स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा आणि अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून नवा सेल बसवावा. त्यानंतर संगणक सुरू होताच डिलीट किंवा एफ २ (कोणती कळ ते बोर्डावर अवलंबून असते) दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जच्या पडद्यावर) जावे आणि तारीख-वेळ तिथेच बरोबर करावी.

ज्यांचा सेल अजून पूर्ण संपलेला नाही, त्यांनी इथे अधिक सावध राहावे. सेल काढल्यावर बायोसच्या सेटिंग्ज मूळ पदावर जातात. एक्सपी बसवताना हार्ड डिस्क जोडण्याची पद्धत जुनी, ‘आयडीई’ ठेवलेली असेल आणि ती आपोआप नवी, ‘एएचसीआय’ झाली, तर विंडोज सुरू होण्याऐवजी शेवटी ‘७बी’ असलेला एरर क्रमांक दाखवणारा निळा पडदा येतो. अशा वेळीही घाईने फॉरमॅट मारला जातो, हे फार वाईट आहे, कारण बायोसमध्ये पुन्हा ‘आयडीई’ निवडले की संगणक पूर्ववत सुरू होतो. म्हणून सेलला हात लावण्याआधी बायोसच्या सर्व पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत.

इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची एक्सपीतील सोय या दोषावर उपाय ठरत नाही. ती मुळात आठवड्यातून एकदाच वेळ तपासते, आणि तारीखच चुकलेली असेल तर वेळ जुळवून देण्यास नकार देते. दरम्यान चुकीच्या तारखेने झालेल्या नोंदी शोधून आपल्या हिशेबनीसांकडून दुरुस्त करून घ्याव्यात, अन्यथा त्या भलत्याच आर्थिक वर्षात जाऊन बसतील.

महिना आधी छापला जाण्याचे कारण वेगळे आहे : विंडोज अमेरिकन पद्धतीवर राहिलेले आहे. कंट्रोल पॅनेलमधील ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडून ‘कस्टमाइझ’मध्ये तारखेच्या पानावर दोन डी, दोन एम आणि चार वाय असा क्रम लिहावा. तिथे एम मोठ्या लिपीतलाच हवा, कारण लहान एम हा मिनिटांसाठी राखलेला आहे. हा बदल करण्यापूर्वी हिशेबाची प्रत काढावी. तारीख मजकूर म्हणून साठवणारे काही जुने प्रोग्रॅम अशा बदलाने गोंधळतात.

प्रश्न : लक्ष्मीपुरीत आमचे दुकान आहे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर प्रत्येक बिलाचा मजकूर आधीच्यापेक्षा थोडा वर सरकतो. प्रिंटर बदलावा का?

उत्तर : प्रत्येक पानावर सरकण्याचे अंतर सारखेच असेल, तर प्रिंटर निर्दोष आहे. आपला सलग कागद १२ इंच लांबीचा असेल आणि विंडोजमध्ये ११ इंचांचा ‘लेटर’ निवडलेला असेल, तर दर पानामागे एक इंच फरक पडणारच. एक्सपीत ‘प्रिंटर्स अँड फॅक्सेस’ उघडून ‘फाइल’ मेनूतील ‘सर्व्हर प्रॉपर्टीज’मध्ये जावे, नवा फॉर्म तयार करण्याच्या चौकोनात खूण करावी, त्याला नाव द्यावे आणि प्रत्यक्ष पट्टीने मोजलेली रुंदी व लांबी भरावी. अर्ध्या पानाचे बिल असेल तर लांबी ६ इंच धरावी. त्यानंतर प्रिंटरच्या सेटिंग्जमध्ये आणि बिलाच्या प्रोग्रॅममध्येही हाच फॉर्म निवडावा. अंतर कमी-जास्त होत असेल, तर कागद ओढणारे दाते तपासावेत.

प्रश्न : एक्सपीच्या संगणकावरून जीएसटीचे काम करता येईल का? (शाहूपुरी)

उत्तर : करू नये. एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सुरक्षेच्या दुरुस्त्या) ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी. एक्सपीवर चालणारे शेवटचे इंटरनेट एक्सप्लोरर ८ हे होते आणि आजच्या संकेतस्थळांना लागणारी सुरक्षित जोडणी त्याला करता येत नाही. त्या संगणकाची इंटरनेटची केबल काढून ठेवावी, तो केवळ हिशेबासाठी वापरावा आणि विवरणपत्रे दुसऱ्या, अद्ययावत संगणकावरून भरावीत. हिशेबाची प्रत दर आठवड्याला दोन पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि त्यांतला एक दुकानात न ठेवता घरी, वरच्या मजल्यावर ठेवावा. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीच्या काही भागांत पाणी शिरले होते.