सांगली-मिरजेभोवतीच्या शेतजमिनीवर किती बांधकाम झालं, हे उपग्रहावरून घरबसल्या तपासता येईल का?

हो, येईल, आणि फुकट. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची ३० मीटर तपशिलाची (म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर ३० मीटर रुंद) चित्रं १९८०च्या दशकापासूनची मिळतात, सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची १० मीटरची २०१५ पासून. सुटं घर ओळखू येणार नाही, पण कुपवाडकडे वस्ती कशी सरकली ते कळतं.

खरी अडचण पिकांची आहे. ऊस तुटून गेलेलं किंवा नांगरून टाकलेलं रान संगणकाला बऱ्याचदा बांधकामासारखंच वाटतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षबागही उघडी दिसते. म्हणून एका तारखेवर विसंबू नका. एकाच वर्षातली तीन-चार ढगविरहित चित्रं घ्या. ज्या तुकड्यावर एकदाही हिरवळ आली नाही, तोच बांधकामात धरा. मग दहा वर्षांपूर्वीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहा, आणि काही ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन या. जमीन कागदोपत्री एनए (बिगरशेती) झाली का, हे मात्र यातून कळत नाही.

माझी कळकळीची विनंती: कृष्णेचा पूरपट्टा आधी तपासा. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाचं रडार ढगांतूनही पाहतं, त्यामुळे २०१९ च्या महापुराचं पाणी त्यात दिसतं. त्या पाण्याखाली गेलेल्या जागांवर नंतर काय उभं राहिलं, ते नकाशावर आणाच.